तीन किलो दोनशे

जंगलखात्याचा जुना बंगला निकाली निघाला त्या साली
डोमाजी शेंड्यानं लिलावात
एक गंजकी बादली, पलंगाचे दोन सागवानी पाय
आणि एक पुस्तक घेतलं, रद्दीच्या भावानं.
काट्यावर तीन किलो दोनशे भरलं.

कोण्या साहेबानं मागे टाकलेला
इंग्रजीतल्या मेलेल्या शब्दांचा कोश होता तो,
हे मला कळायला वर्षं लागली.
डोमाजीला कागद जाड आहे एवढंच कळलं,
आणि तेही खोटं नव्हतं.

बुधवारी चिचगावच्या बाजारात
चिंचेखाली त्याची भट्टी. काळी वाळू, काळी कढई,
फुटाणे तडतडत, आणि दर रुपयामागे
एक पान फाटे, त्याचा शंकू होई,
कोपऱ्यातले दोनचार शब्द गरम होत.

मी सातवीत. अक्षरं वाचता येत,
अर्थाचा अर्थ बोरकर मॅडमला विचारावा लागे.
कोणी खाऊन टाकलेली पुडी उचलली,
त्यात पहिला शब्द निघाला : ग्रोक.
दुसरा खात असताना समोर गुपचूप उभं राहून बघणं,
बोलावतील या आशेनं.
भट्टीसमोर मी तशीच तर उभी असायची.
बाजूला एक कुत्रं होतं, तेही ग्रोकत होतं.
पुढच्या बुधवारी मी पैसे घेऊन गेले.

मग लान्सप्रेसाडो :
चार लोकांत खायला येणारा, खिसा घरी विसरून.
चहाच्या टपरीवर मी अर्थ मोठ्यानं सांगितला
आणि सगळ्या माना एकदम आडकूकडे वळल्या.
त्या दिवसापासून तो लांसपरसाद.
लग्नपत्रिकेत छापायचं तेवढं राहिलं.
आता त्याचा नातू विचारतो, आबाले असं काहून म्हणते?
लोक सांगतात, असन कोण्या देवाचा परसाद.

ओव्हरमॉरो म्हणजे परवा.
पुढे बारीक अक्षरात लिहिलं होतं, वापरातून गेला.
परवा कसा काय वापरातून जाईल?
मग ते लोक उधारी कधी देतो म्हणतात?
डोमाजीचा सगळा धंदा परवावर चाले,
तेरवावर गेला तरच तो आवाज चढवी.
त्याला सांगितलं तर झारा तसाच हातात धरून म्हणाला,
"त्यायच्याकडं तेरवा त असनच नाही मंग. बिच्चारे."

एक पुडी मात्र तिरपी फाटली होती.
शब्द वरच्या तुकड्यात गेला, कोणाच्या हाती कोण जाणे,
माझ्याकडे नुसता अर्थ आला, मीठ लागलेला :
उजाडण्याआधी जाग येऊन
अंधारात पडल्या पडल्या केलेली काळजी.

बाजार उठेपर्यंत शोधत होते.
नाली पाहिली, बांगडीवालीच्या पाटीखाली पाहिलं,
एका शेळीच्या तोंडातून अर्धं पान ओढून काढलं,
त्यावर भलतंच काही होतं, घोड्याच्या रोगाचं.

माय तेंदूपत्त्याला जायची, पहाटे तीनला.
त्याआधी तासभर तिची बांगडी वाजायची, कूस बदलताना.
तिला विचारलं, याले काय म्हणते?
चूल फुंकता फुंकता ती म्हणाली,
"त्याले का नाव ठेवाचं? त्यापरीस उठाचं."

गेल्या महिन्यात नागपूरच्या एका लायब्ररीत
तोच कोश दिसला. सबंध. एकही पान फुटाण्याला न गेलेला.
शब्द सापडला.
यू, एच, टी अशी त्याची सुरुवात,
फार जुना, आणि उच्चार मला येत नाही.
दोनदा म्हणून पाहिला.
एकदा घशात अडकला,
दुसऱ्यांदा ऐकू आलं, उठ.

बाहेर येऊन मायला फोन लावला.
दुपारचे तीन वाजले होते.
"जराशीच लेटली होती व," ती म्हणाली,
"कायले उठवलं?"